नवोदयची परीक्षा: थोरल्याचं राहिलं, धाकटीचं झालं

आमच्या घरात नवोदयची परीक्षा दोनदा झाली. थोरल्या मुलाचं नाव यादीत आलं नाही. तीन वर्षांनी धाकटीचं आलं, तेही पहिल्या यादीत नाही, प्रतीक्षा यादीतून. हुशारीचं म्हणाल तर थोरला काकणभर सरसच. त्यामुळे अमुक केलं की निवड होते, असं छातीठोकपणे सांगण्याचा माझा वकूब नाही. सहा महिने वाया कसे घालवायचे, यात मात्र मी जाणकार आहे.

ज्यांना अजून काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावी ते बारावी, मुलं-मुली एकत्र. 1986 च्या शैक्षणिक धोरणातली ही योजना. देशातल्या पहिल्या दोन नवोदय 1985-86 मध्ये सुरू झाल्या, त्यांतली एक आपल्या अमरावतीची आणि दुसरी हरियाणातल्या झज्जरची. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिना 600 रुपये असतात, त्यातही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना माफी आहे. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त 80 जागा. परीक्षा पाचवीत असताना द्यायची आणि एकदाच. पुढच्या वर्षी पुन्हा बसू, असं इथे चालत नाही.

आता माझी पहिली चूक. मी गावात खत-बियाण्यांचं दुकान चालवतो. थोरला तिसरीत गेला तेव्हा चार लोकांचं पाहून त्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. नवोदयच्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात, हे ऐकून होतो. आपण खेड्यात राहतो म्हणजे आपण ग्रामीण, असा माझा हिशेब. नियम तसा नाही. मूल राहतं कुठे यावर ते ठरत नाही, तिसरी, चौथी आणि पाचवी या तिन्ही वर्षांत ते शिकलं कुठे यावर ठरतं. त्या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत काढला, तरी मूल शहरी धरलं जातं. आमचं तालुक्याचं गाव नगरपरिषदेचं. फॉर्म भरताना मुख्याध्यापकांनी हे सांगितलं तेव्हा पाचवी अर्धी सरली होती. तुमचं मूल आज दुसरीत असेल तर शाळा बदलण्याआधी एवढं एक तपासून घ्या. ज्या जिल्ह्यातलं विद्यालय, त्याच जिल्ह्यात पाचवी चालू असणं आणि राहणंही तिथेच असणं, या अटीही आहेतच.

पेपरकडे येऊ. 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. मानसिक क्षमतेचे म्हणजे आकृत्यांचे 40 प्रश्न, 50 गुणांना. गणिताचे 20 आणि भाषेचे 20, प्रत्येकी 25 गुणांना. एका प्रश्नाला सव्वा गुण, चुकलं तरी गुण कापत नाहीत. हे शेवटचं वाक्य मुलाला नीट समजावलंय का, ते बघा. थोरल्याने उत्तरपत्रिकेतले सहा गोल कोरे सोडले होते. का रे? तर म्हणे, "येत नव्हतं, मग खोटं कशाला लिहायचं?" यावर बापाने काय बोलावं! आम्ही कोणी त्याला सांगितलंच नव्हतं.

आकृत्यांचे दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न: वेगळी आकृती ओळखणं, तंतोतंत तशीच शोधणं, अपुरा नमुना पुरा करणं, मालिका, समसंबंध (एका जोडीतलं नातं ओळखून दुसरी जोडी पुरी करणं), भौमितिक आकृती पूर्ण करणं, आरशातली प्रतिमा, कागदाची घडी घालून पाडलेली छिद्रं, तुकडे जुळवून होणारी आकृती आणि लपलेली आकृती. थोरल्याला मी बाजारातली तीन जाडजूड पुस्तकं आणून दिली. त्याने ती सोडवली, मागची उत्तरं पाहून तपासली, आणि चुकलेलं पुन्हा तसंच चुकत राहिला. आकृती पुस्तकात बघून कळत नाही, हे मला धाकटीच्या वेळी उमगलं.

तिच्यासाठी दुकानातल्याच वस्तू कामाला आल्या. बियाण्याच्या पारदर्शक पिशवीचा तुकडा कापायचा, त्यावर मार्करने आकृती काढायची आणि तुकडा पालथा करायचा. झाली आरशातली प्रतिमा. डावं-उजवं बदलतं, वर-खाली जिथल्या तिथे राहतं, हे तिला एका संध्याकाळी समजलं. छिद्रांसाठी जुन्या बिलांचे कागद आणि पंचिंग मशीन. एक घडी, एक छिद्र, उघडलं की दोन. दोन घड्या, एक छिद्र, उघडलं की चार. मग तिनेच शोधून काढलं की नेमकं घडीच्या रेषेवर छिद्र पाडलं तर गणित बिघडतं. तुकडे जुळवण्यासाठी कॅलेंडरचे पुठ्ठे कापले. घरभर कचरा झाला, तिच्या आईची बोलणी मी खाल्ली.

यात एक मेख आहे. तीनेक आठवड्यांनी हे सगळं बंद करायचं. परीक्षेत कागद घडी करायला मिळणार नाही, घडी डोक्यात घालावी लागेल. म्हणून मग आधी उत्तर सांगायचं आणि नंतर कागद उघडून बघायचा, अशी पैज लावायची. चुकली की ती रागावून पुन्हा करायची. माझ्या मते खरी तयारी ती तिथेच झाली.

गणिताबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे नवीन काही नसतं. दरवर्षीच्या माहितीपत्रकात घटक छापलेले असतात: संख्या, चार क्रिया, विभाज्य-विभाजक, अपूर्णांक, दशांश, मापनं, नफा-तोटा, परिमिती-क्षेत्रफळ असे. आधी ते वाचा आणि मगच पुस्तक घ्या. थोरल्याकडून मी सरळव्याजाची शंभर उदाहरणं घटवून घेतली आणि पोरगा अडला तो अपूर्णांकात. धाकटीला मी गल्ल्याशेजारी बसवायचो. युरियाचं पोतं 45 किलोचं, साडेतीन पोती म्हणजे किती किलो? पहिल्या दिवशी तिने वही काढली. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक पैसे काढेस्तोवर तोंडी 157.5 म्हणायला लागली. पाढे मात्र पंचविसापर्यंत तोंडपाठ हवेतच, त्याला पर्याय नाही.

आता भाषा. सगळे हिला गृहीत धरतात. मराठीच तर आहे, असं म्हणून आम्हीही थोरल्याच्या वेळी तिला हातच लावला नाही. चार उतारे असतात, प्रत्येकावर पाच प्रश्न. म्हणजे गणिताइतकेच गुण, वेळ मात्र कमी लागतो. अडचण अशी की मूल उताऱ्यातून उत्तर देत नाही, स्वतःच्या डोक्यातून देतं. सरावाच्या एका उताऱ्यात होतं की विहीर आटली आणि गावकरी नदीवरून पाणी आणू लागले. प्रश्न, गावकरी पाणी कुठून आणत? धाकटीने बेधडक 'टँकर' या पर्यायावर खूण केली. उन्हाळ्यात आमच्या गावाला टँकर येतो, पोरीचं काय चुकलं! तेव्हापासून आम्ही एक शिस्त लावली. उत्तर देताना उताऱ्यातल्या ज्या ओळीत ते आहे, तिच्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही तर उत्तर मोडीत. रोज एक उतारा, पंधरा मिनिटं. त्यासाठी पेपरातली एखादी छोटी बातमीही चालते, प्रश्न आपण तयार करायचे. तिला मग उलटा नाद लागला, ती प्रश्न काढायची आणि मी उत्तरं द्यायची. मी दोनदा नापास झालो.

उत्तरपत्रिका ओएमआर असते, म्हणजे गोल भरायची, यंत्राने तपासली जाणारी. काळ्या किंवा निळ्या बॉलपेननेच गोल भरायचा, पेन्सिल चालत नाही, खोडून बदलता येत नाही. जिल्हा परिषद शाळेतल्या बऱ्याच मुलांच्या हातात पाचवीपर्यंत पेन्सिलच असते, तेव्हा पेनची सवय दसऱ्याच्या आधी लावा. दुसरी भानगड म्हणजे एक प्रश्न सोडला की पुढचे सगळे गोल एका ओळीने सरकतात. यावर आमच्या शाळेतल्या बाईंनी उपाय दिला: दर चार प्रश्नांनी प्रश्नाचा क्रमांक आणि गोलाचा क्रमांक मनातल्या मनात म्हणून जुळवायचा. पुस्तिका एकच असल्याने कुठून सुरू करायचं ते आपण ठरवायचं. धाकटीचा क्रम ठरला होता. आधी उतारे, मग आकृत्या, शेवटी गणित, आणि शेवटच्या पाच मिनिटांत उरलेले गोल अंदाजाने भरायचे. तुमच्या मुलाला वेगळा क्रम जमेल. पण तो परीक्षेच्या खोलीत ठरवायची पाळी येऊ नये.

क्लासचं विचाराल तर थोरल्याला लावला होता, तालुक्याला. पहाटे सहाची बॅच, आठवड्याला तीन चाचण्या, आणि दर शनिवारी भिंतीवर नंबरांची यादी. शुक्रवारी रात्री त्याचं पोट दुखायला लागायचं. आम्ही जंताचं औषध दिलं! कशामुळे दुखतंय हे कळायला मला दोन महिने लागले. क्लास लावूच नका, असं मी म्हणणार नाही. घरात कोणी शिकवणारं नसेल तर आधार होतो. पण तिथे दहा वर्षांच्या पोराला नंबर विचारतात की काय चुकलं ते विचारतात, हे एक दिवस बाहेर बसून ऐका. धाकटीला क्लास नव्हता. शाळा सुटल्यावर बाई चार मुलांना अर्धा तास थांबवून घ्यायच्या, घरी पाऊण तास, रविवारी एक पूर्ण पेपर घड्याळ लावून. बास.

शिष्यवृत्तीचा अभ्यास चालू असेल तर त्याचा इथे उपयोगच होतो, बुद्धिमत्ता आणि गणित बरंचसं सारखं आहे. सैनिक स्कूलचं मात्र वेगळं. तिथे सहावीसाठी 125 प्रश्न, 300 गुण, त्यातले 150 एकट्या गणिताचे, वर सामान्यज्ञान आणि पुढे वैद्यकीय तपासणी. दोन्ही परीक्षा देणारी मुलं आहेत, पण दोन्हींची एकच तयारी म्हणून भागत नाही.

फॉर्म ऑनलाइन असतो, फी नाही. ठरलेल्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर फोटो, मुख्याध्यापकांची, पालकाची आणि मुलाची सही घेऊन ते अपलोड करायचं. धाकटीच्या वेळी फॉर्म भरणाऱ्या पोराने परीक्षेचं माध्यम इंग्रजी करून ठेवलं होतं. मी छापील प्रत घरी आणून वाचली म्हणून सापडलं आणि दुरुस्त झालं. माध्यम, ग्रामीण-शहरी, प्रवर्ग आणि जन्मतारीख हे चार रकाने स्वतः वाचा. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नसेल तर ते काम जूनमध्येच काढा. ओबीसींसाठी राज्याची नाही, केंद्राची यादी धरतात, दाखलाही केंद्राच्या नमुन्यात लागतो. निवड झाल्यावर कागदपत्रांसाठी मिळणारे दिवस थोडे असतात, आणि सेतू केंद्रातली गर्दी तुम्हाला माहीत आहेच.

या सगळ्याच्या आधी विचारायचा प्रश्न मी शेवटी लिहितोय, कारण आम्हीही तो शेवटीच विचारला. मूल राहील का? दहा-अकरा वर्षांचं लेकरू पेटी घेऊन जाणार आणि सुट्टीतच घरी येणार. आठवीनंतर गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्र हिंदीतून. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, हिंदी भाषक भागात. धाकटीला आम्ही मे महिन्यात आठ दिवस मावशीकडे एकटीला ठेवलं. कपडे धुणं, ताट घासणं, वेणी घालणं स्वतःचं स्वतः. ती रमली. तिच्या आईचाच जीव चार दिवसांत कासावीस झाला आणि ती भेटायला निघाली.

विद्यालयात पहिले दोन महिने फोनवर रडारड झाली. "मला न्यायला या" हे दर रविवारी ऐकायची तयारी ठेवा. तिसऱ्या महिन्यात फोन दोन मिनिटांवर आला, कारण तिचा खो-खोचा सराव असायचा.

ज्यांचं नाव यादीत येत नाही त्यांच्यासाठी आठवीत आणखी एक संधी असते. नववीच्या रिकाम्या जागांसाठी परीक्षा होते, गणित, विज्ञान, इंग्रजी, हिंदी मिळून 100 प्रश्न आणि अडीच तास. थोरला आठवीत गेल्यावर मी त्याला विचारलं, बसतोस का? तो गावच्या हायस्कूलच्या कबड्डी संघात होता. "नको बाबा," म्हणाला, "इथलं बरं चाललंय." मी फॉर्म भरला नाही.