बॅबिलोनियाच्या मातीच्या पाट्या घरी बसून अभ्यासायच्या तर

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती, हलशीचे कदंबकालीन अवशेष आणि घरोघरी जपलेली मोडी दप्तरे यांमुळे आपल्या सीमाभागात जुने लेख वाचण्याची ओढ असलेली माणसे गावोगाव भेटतात. मराठी आणि कन्नड अशा दोन लिपींत वावरणाऱ्या या वाचकाला बॅबिलोनियाची, म्हणजे आजच्या इराकमधील प्राचीन राज्याची, ओल्या मातीवर खिळ्यासारख्या खुणा उमटवून लिहिलेली कीलाकार लिपी शिकणे मुळीच अशक्य नाही, कारण त्या पाट्यांची छायाचित्रे, लिप्यंतरे आणि कोश आज खानापूर किंवा निपाणीत बसून विनामूल्य पाहता येतात.

प्रारंभ महाकाव्यापासून करू नये. एखादे छोटे पत्र घ्यावे. माझ्या मते उर या तिथल्याच प्राचीन शहरात सापडलेले, नन्नी नावाच्या ग्राहकाने तांब्याचा व्यापारी एआ-नासिर याला पाठवलेले तक्रारीचे पत्र त्यासाठी उत्तम आहे. ते इ.स.पू. १७५० च्या सुमाराचे असून ब्रिटिश संग्रहालयात १३१२३६ या क्रमांकाखाली आहे. हा क्रमांक प्रथम वहीत उतरवावा, कारण या विषयात पाटीची ओळख नावावरून नव्हे, तर क्रमांकावरूनच पटते.

त्यानंतर सीडीएलआय (CDLI) हे संकेतस्थळ उघडावे. जगभरातील संग्रहालयांतल्या लाखो पाट्यांची ही एकत्रित सूची असून तिच्यात प्रत्येक पाटीला ‘पी’ या अक्षराने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक दिलेला असतो. संग्रहालयाचा क्रमांक, प्रकाशन, कालखंड किंवा सापडल्याचे ठिकाण यांपैकी कशानेही शोध घेता येतो. मिळालेल्या पानावर शक्यतो छायाचित्र, हाताने काढलेली रेखाकृती आणि लिप्यंतर असे तीन थर असतात; अनुवाद मात्र सर्वच पाट्यांना नसतो. असला तरी तो शेवटी वाचावा, असा माझा आग्रह आहे. आधी अर्थ कळला की डोळा चिन्हे वाचायचे सोडून देतो आणि सवय लागायची राहूनच जाते.

लिप्यंतराच्या खुणांवर पुरेसा वेळ द्यावा. ते रोमन अक्षरांत असते आणि साध्या कळफलकावर टंकता यावे म्हणून त्यात काही संकेत ठरवलेले आहेत. एस आणि झेड जोडून आले की तो ‘श’ समजावा. एस किंवा टी यांच्यापुढे स्वल्पविराम असेल तर ते ठासून उच्चारायचे वेगळे व्यंजन असते. अक्षरसमूहापुढचा आकडा हा उच्चाराचा भाग नसून एकाच ध्वनीच्या अनेक चिन्हांपैकी कोणते चिन्ह पाटीवर आहे हे सांगतो. चौकोनी कंसातील मजकूर तुटलेल्या भागाचा, म्हणजे संपादकाने भरून काढलेला असतो, तर चिन्हापुढे ‘#’ ही खूण असल्यास ते अर्धवट झिजलेले असते. महिरपी कंसातील भाग शेजारच्या शब्दाची देव, गाव, लाकूड अशी जात दाखवतो आणि तो उच्चारत नाहीत. अक्कादी ही बॅबिलोनियाची भाषा, तर सुमेरी ही त्याच प्रदेशातील तिच्याहून जुनी भाषा; अक्कादी मजकुरात अधोरेषांच्या मध्ये आलेले शब्द सुमेरी चिन्हांनी लिहिलेले असतात. आपल्याकडील ताम्रपटांच्या संपादित वाचनांतही हरवलेली अक्षरे कंसात देतात, त्यामुळे ज्यांनी ती पाहिली आहेत त्यांना ही पद्धत लवकर अंगवळणी पडेल.

आता पहिली ओळ घ्यावी: ‘अना एआ-नासिर किबी-मा, उम्मा नन्नी-मा’, म्हणजे ‘एआ-नासिरला सांग, नन्नी असे म्हणतो’. पत्र मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला उद्देशून केलेली ही आज्ञा त्या काळातील असंख्य पत्रांच्या आरंभी येते. मोडी पत्रांचा मायना एकदा पाठ झाला की पुढची पत्रे चटकन ओळखू येतात, तसेच येथेही होते. यातील ‘किबी’ शोधण्यासाठी शिकागो विद्यापीठाचा अक्कादी कोश वापरावा. त्याचे काम १९२१ मध्ये सुरू होऊन २०११ मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे सर्व खंड पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. क्रियापद मूळ रूपाखाली, येथे ‘कबू’ म्हणजे ‘सांगणे’ याखाली, सापडते. साधा स, ठासून उच्चारायचा स आणि श यांचे खंड स्वतंत्र आहेत, म्हणून शब्द उतरवताना खुणा गाळल्या तर भलताच खंड उघडला जातो. खंड आकाराने मोठे आहेत. पावसाळ्यात जिथे नेट टिकत नाही अशा जंगलपट्टीतल्या वाचकाने ते शहरात आल्यावर एकदाच उतरवून ठेवावेत.

चिन्हांसाठी म्युनिक विद्यापीठाचे ईबीएल (eBL) हे ऑनलाइन ग्रंथालय मला सर्वाधिक उपयुक्त वाटते. तेथे चिन्हसूची आणि शब्दकोश आहेतच, शिवाय चिन्हांच्या क्रमावरूनही तुकडे शोधता येतात. एका पाटीचे विखुरलेले तुकडे जुळवण्याचे काम त्यामुळे कितीतरी सोपे झाले आहे. ओरॅक (Oracc) या ऑनलाइन संग्रहात शब्दावर टिचकी मारली की त्याचा अर्थ आणि व्याकरण समोर येते. राजांचे शिलालेख तेथेच वाचावेत. सुमेरी काव्यासाठी ऑक्सफर्डचा ईटीसीएसएल (ETCSL) हा ऑनलाइन संग्रह पुरेसा आहे, मात्र त्यात २००६ नंतर भर पडलेली नाही.

फोनवर दिसणाऱ्या कीलाकार अक्षरांवरून पाटी वाचायला जाऊ नये. युनिकोडमध्ये ही लिपी २००६ पासून आहे, पण तेथे एका चिन्हाला एकच संकेतांक असतो आणि चिन्हाचे रूप तर शतकागणिक बदलत गेले. जुन्या बॅबिलोनी वळणासाठी ‘संतक्कु’ आणि नव-अश्शूरी, म्हणजे नंतरच्या अश्शूर साम्राज्याच्या, वळणासाठी ‘अश्शुरबानिपाल’ असे वेगवेगळे फॉन्ट उपलब्ध आहेत. ज्या काळची पाटी असेल त्याच काळचा फॉन्ट शेजारी ठेवावा.

या अभ्यासावर मराठीत लेख लिहिताना संग्रहालयाचा क्रमांक आणि ‘पी’ क्रमांक दोन्ही द्यावेत. ब्रिटिश संग्रहालयाची छायाचित्रे श्रेय देऊन विनाव्यावसायिक कामासाठी वापरता येतात. इतर संग्रहालयांच्या अटी त्या त्या पानावर पाहून मगच चित्र छापावे.