हे-शोऊ-वू वापरताना या चुका टाळा

चिनी वनौषधींमध्ये हे-शोऊ-वू ही वेल केस काळे करणारी म्हणून प्रसिद्ध आहे. ‘हे’ या चिनी आडनावाच्या एका गृहस्थाचे पांढरे केस तिच्या कंदाने पुन्हा काळे झाले, अशी दंतकथा असून वेलीचे नावही त्यावरूनच पडले. या कथेवर भिस्त ठेवून भुकटी मागवणारे मात्र, कंद कच्चा आहे की संस्कारित, हा पहिला प्रश्नच विचारत नाहीत.

सर्वांत मोठी चूक हीच. कच्चा कंद त्यातील अँथ्राक्विनोन द्रव्यांमुळे रेचक असतो आणि चिनी वैद्य तो बद्धकोष्ठासाठी व गळवांसाठी देतात. रक्तपोषणासाठी आणि केसांसाठी सांगितलेला कंद काळ्या सोयाबीनच्या काढ्यात, आतपर्यंत गडद तपकिरी होईतो, शिजवलेला किंवा वाफवलेला असतो. आपल्याकडे बिब्बा शुद्ध केल्याशिवाय पोटात देत नाहीत, त्याच जातीचा हा विचार आहे. त्यामुळे भुकटीने जुलाब सुरू झाल्यास ‘शरीर शुद्ध होत आहे’ असे समाधान करून न घेता, कच्चा कंद हाती आल्याची शंका घ्यावी.

झोपेसाठी कंद घेणे ही दुसरी गफलत. निद्रानाशावर त्या परंपरेत वेलीचे खोड वापरतात. त्याला ये-ज्याओ-थंग, म्हणजे रात्री एकमेकींत गुंफणारी वेल, असे सुरेख नाव आहे. बाजारात मिळणाऱ्या माणसाच्या आकाराच्या कंदांबद्दल एवढेच पुरे की, ते बहुधा साच्यात घडवलेले असतात.

संस्कारित कंद निर्धोक असतो, हा समज मात्र घातक आहे. संस्काराने धोका कमी होत असला, तरी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी दोन्ही प्रकारांच्या आहेत, आणि एचएलए-बी*३५:०१ हे जनुकरूप असलेल्यांना ती होण्याची शक्यता अधिक असल्याचे चिनी संशोधकांना आढळले आहे. चीनच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये आरोग्यपूरक उत्पादनांसाठी कच्च्या कंदाची दैनिक मर्यादा १.५ ग्रॅम आणि संस्कारिताची ३ ग्रॅम ठरवली. यकृताचा विकार असलेल्यांनी हे औषध घेऊच नये.

थकवा, अन्नावरची वासना उडणे, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास सेवन त्वरित थांबवून यकृताची रक्ततपासणी करावी आणि डॉक्टरांना भुकटीचे पाकीटच दाखवावे. बरे वाटल्यावर थोडे घेऊन पाहू, असा मोह अनेकांना होतो. परंतु पुन्हा सुरू करणाऱ्यांत इजा उलटून आल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.