आफ्रिकेतील स्त्रियांच्या चळवळींचा अभ्यास कसा करावा

आफ्रिकेतील स्त्रियांविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, त्यात एक तर युद्ध, दुष्काळ आणि रूढी यांखाली भरडली जाणारी स्त्री असते, नाहीतर नोबेल पारितोषिक स्वीकारणारी एखादी असामान्य स्त्री असते. बाजारात तांदूळ आणि पामतेल विकून घर चालवणाऱ्या, कर नाकारून तुरुंगात जाणाऱ्या, राजवाड्यासमोर रात्र काढणाऱ्या हजारो स्त्रिया या दोन्ही चित्रांत दिसत नाहीत, आणि चळवळ तर त्यांनीच उभी केलेली असते. अभ्यासमंडळासाठी, महाविद्यालयीन प्रकल्पासाठी किंवा केवळ स्वतःच्या आस्थेपोटी या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाला माझे सांगणे असे की, या स्त्रियांचे दुःख किती मोठे होते हे विचारण्याआधी त्यांनी काम कसे केले हे विचारावे. दुःखाची वर्णने वाचून करुणा वाटते. कामाची पद्धत समजली तर त्या स्त्रियांना आपण विचार करणाऱ्या, डावपेच आखणाऱ्या राजकीय व्यक्ती म्हणून ओळखू लागतो.

एका शहरापासून सुरुवात करावी

आफ्रिकेत ५४ देश आहेत. ‘आफ्रिकी स्त्री’ असा एकच विषय धरून बसल्यास हाती काही लागत नाही, म्हणून एक देश, त्यातही एक शहर आणि एक मागणी निवडावी. पहिल्या अभ्यासासाठी नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातील अबेओकुटा हे योरुबा लोकांचे शहर फार उपयुक्त आहे, कारण तिथला लढा एका ठोस प्रश्नाभोवती उभा राहिला आणि त्याचा पुढचा प्रवासही नीट पाहता येतो.

ब्रिटिश सत्तेच्या वतीने अबेओकुटाचा कारभार तिथला राजा, म्हणजे अलाके, पाहत असे. स्त्रियांवर वेगळा कर होता, आणि तो मुलींकडून पंधराव्या वर्षापासून तर मुलग्यांकडून सोळाव्या वर्षापासून घेतला जाई. कारभारात मात्र स्त्रियांना कोणतेही स्थान नव्हते. फुन्मिलायो रॅन्सम-कुती या शिक्षिकेने १९३२ मध्ये सुशिक्षित ख्रिस्ती स्त्रियांचे एक मंडळ सुरू केले होते. सुरुवातीला त्याचे स्वरूप शिवणकाम, स्वयंपाक आणि शिष्टाचार यांपुरतेच होते. पुढे बाजारातल्या विक्रेत्या स्त्रिया साक्षरता वर्गांना येऊ लागल्या आणि युद्धकाळात सरकारी माणसे आपला तांदूळ कशी हिसकावून नेतात हे त्यांनी सांगितले. त्या ओळखीतून मंडळाचा पायाच बदलला. १९४६ मध्ये त्याची अबेओकुटा महिला संघटना झाली, फुन्मिलायो सभांमधून योरुबा भाषेत बोलू लागल्या आणि त्यांनी पाश्चात्त्य पोशाख सोडून बाजारातल्या स्त्रियांसारखे वस्त्र नेसायला सुरुवात केली.

इथे अभ्यासकाने थोडे थांबावे. सुशिक्षित स्त्रियांनी ‘खालच्या’ स्त्रियांना जागे केले, अशी ही गोष्ट सांगण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात प्रश्न बाजाराने आणला, मनुष्यबळ बाजाराने दिले आणि अर्ज, हिशेब व पत्रव्यवहार यांचे कौशल्य शिक्षिकेने दिले. कोणाकडून काय आले हे असे सुटे करून लिहिणे ही या अभ्यासातली पहिली शिस्त आहे. मोर्चाला परवानगी मिळेना तेव्हा या स्त्रियांनी आपल्या जमावाला सहल म्हणायला सुरुवात केली. १९४७ च्या अखेरीस हजारो स्त्रिया अलाकेच्या राजवाड्याबाहेर रात्रंदिवस बसल्या आणि त्याची निंदा करणारी गाणी गायल्या. स्त्रियांवरील कर स्थगित झाला, कारभारी मंडळात स्त्रियांना जागा मिळाल्या आणि जानेवारी १९४९ मध्ये अलाकेने गादी सोडली. मात्र हा अलाके १९५० च्या अखेरीस पुन्हा गादीवर परतला, ही नोंदही टिपणात असलीच पाहिजे.

शब्द कोणी टिपून ठेवले, हे तपासावे

त्याच देशाच्या आग्नेय भागात १९२९ साली घडलेला प्रसंग वाचताना वेगळी काळजी घ्यावी लागते. त्या प्रसंगातल्या बहुतेक स्त्रियांनी स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. ओलोको या गावी नोव्हेंबरमध्ये शिरगणतीसाठी एक माणूस न्वान्येरुवा नावाच्या विधवेच्या घरी आला आणि तिला माणसे व शेळ्यामेंढ्या मोजायला सांगू लागला. पुरुषांवर आदल्या वर्षीच कर बसला होता, पामतेलाचे भाव घसरले होते, आणि मोजणी म्हणजे कराची पूर्वतयारी, हे सर्वांना ठाऊक झाले होते. न्वान्येरुवाने त्याच्याशी भांडण काढले आणि ती बाजारात जमलेल्या स्त्रियांकडे गेली. तिथून ताडाची पाने हातोहात पाठवून गावोगावच्या स्त्रियांना निरोप गेला.

या भागातल्या इग्बो समाजात स्त्रियांकडे दबावाचे एक जुने साधन होते. मर्यादा सोडून वागणाऱ्या पुरुषाच्या अंगणात त्या एकत्र जमत, त्याच्या नावाने गाणी म्हणत, मुसळांनी भिंती बडवत आणि तो माफी मागेपर्यंत हलत नसत. हेच साधन आता ब्रिटिशांनी नेमलेल्या प्रमुखांवर चालवले गेले. ओवेरी आणि कॅलाबार या प्रांतांत हजारो स्त्रिया बाहेर पडल्या आणि अनेक ठिकाणची देशी न्यायालये त्यांनी मोडली. सैनिक आणि पोलीस यांच्या गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया ठार झाल्या. सरकारी कागदपत्रांनी या घटनेला, आबा या तिथल्या शहराच्या नावावरून, ‘आबाचे दंगे’ म्हटले. स्त्रियांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या लेखी ते ‘स्त्रियांचे युद्ध’ आहे.

पुढे १९३० मध्ये चौकशी आयोग बसला आणि त्याच्यासमोर स्त्रियांनी साक्षी दिल्या. त्या साक्षी हे अमूल्य साधन आहे, पण ते वाचताना तीन गोष्टी समोर ठेवाव्यात: प्रश्न अधिकाऱ्यांनी विचारले आहेत, उत्तरे दुभाष्याच्या तोंडून आली आहेत, आणि उत्तर देणाऱ्या स्त्रीच्या ओळखीतल्या बायका नुकत्याच गोळ्यांना बळी पडल्या आहेत. इतके असूनही त्या साक्षींतून बाजारभाव, लाचखोर प्रमुख आणि कर यांविषयी जो नेमका तक्रारीचा सूर उमटतो, तो ‘दंगा’ या वर्णनात मावत नाही. अधिकाऱ्याचा शेरा आणि साक्षीदार स्त्रीचे म्हणणे आपल्या वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे; एकत्र लिहिले की अधिकाऱ्याची भाषा नकळत आपली होते.

बातमी ज्याची झाली, त्यापलीकडचे काम शोधावे

लायबेरियातील २००३ चे शांतता आंदोलन जगभरच्या वृत्तपत्रांत गाजले ते एका कारणाने: स्त्रियांनी नवऱ्यांशी शरीरसंबंध नाकारण्याचा निर्धार जाहीर केला होता. त्याचा प्रत्यक्ष परिणाम फारसा झाला नाही, प्रसिद्धीला मात्र उपयोग झाला, असे आंदोलनाच्या नेत्या लेमा ग्बोवी यांनीच पुढे स्पष्टपणे सांगितले आहे. म्हणून अभ्यासकाने त्या बातमीच्या मागे जावे.

मागे गेल्यावर दिसते ते असे. युद्धातून आलेल्या बालसैनिकांसोबत काम करणाऱ्या ग्बोवी ख्रिस्ती चर्चमधल्या स्त्रियांना एकत्र आणत होत्या. आसातु बाह केनेथ या मुस्लिम पोलीस अधिकारी स्त्रीने मुस्लिम स्त्रियांना या कामात आणले. पांढऱ्या कपड्यांतील या स्त्रिया मनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानावर, राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा ताफा ज्या रस्त्याने जाई त्या रस्त्यालगत, उन्हापावसात रोज बसू लागल्या. एप्रिलमध्ये टेलर यांना त्यांना भेटावे लागले. घानाच्या राजधानीत, अक्रा येथे, गृहयुद्ध थांबवण्यासाठी सरकार आणि बंडखोर यांच्या वाटाघाटी सुरू झाल्यावर काही स्त्रिया तिकडे गेल्या आणि जुलैमध्ये चर्चा रेंगाळताच त्यांनी सभागृहाच्या दारात बसकण मारून प्रतिनिधींना बाहेर पडू दिले नाही. अटकेची भाषा होताच ग्बोवी स्वतःची वस्त्रे उतरवू लागल्या. पश्चिम आफ्रिकेत आईच्या वयाच्या स्त्रीने पुरुषांसमोर असे करणे हा भयंकर शाप मानला जातो, आणि तिथे जमलेल्या प्रत्येक पुरुषाला ते कळत होते. १८ ऑगस्ट २००३ रोजी शांतता करार झाला.

माझ्या मते याहून महत्त्वाचे काम त्यानंतरचे आहे. २००५ च्या निवडणुकीपूर्वी मतदार नोंदणीत स्त्रिया मागे पडत असल्याचे दिसले, तेव्हा कार्यकर्त्या बाजारात गेल्या आणि विक्रेत्या स्त्रियांची दुकाने व मुले सांभाळत त्यांना नोंदणीला पाठवू लागल्या. त्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सर्लिफ राष्ट्राध्यक्ष झाल्या. हे काम छायाचित्रात येत नाही, म्हणून ते मुद्दाम शोधावे लागते. सर्लिफ आणि ग्बोवी यांना २०११ चे शांतता नोबेल येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासह विभागून मिळाले, आणि पुढच्याच वर्षी ग्बोवी यांनी सर्लिफ सरकारवर जाहीर टीका करून त्या देशाच्या सलोखा प्रक्रियेतील आपले पद सोडले. हा तपशील अनेक लेखांतून गाळला जातो. तो गाळू नये.

यशाची मुदत लांब धरावी

९ ऑगस्ट १९५६ रोजी दक्षिण आफ्रिकेत सुमारे २०,००० स्त्रिया प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंग्ज या सरकारी मुख्यालयावर गेल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांनाही प्रवासाचा व राहण्याचा परवाना, म्हणजे पास, बाळगायला लावण्याच्या निर्णयाविरुद्ध त्या आल्या होत्या. मिरवणुकीला बंदी होती, म्हणून त्या दोघी-तिघींच्या गटाने चालत आल्या. लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, सोफिया विल्यम्स आणि भारतीय वंशाच्या रहीमा मूसा यांनी पुढाकार घेतला. सह्यांच्या अर्जांचे गठ्ठे पंतप्रधानांच्या कार्यालयात ठेवले गेले आणि सारा जमाव अर्धा तास निःशब्द उभा राहिला. पंतप्रधान स्ट्रायडम भेटले नाहीत. स्त्रियांवर पास लादले गेलेच आणि ते कायदे १९८६ मध्ये रद्द झाले. आज ९ ऑगस्ट ही तिथली राष्ट्रीय सुट्टी आहे.

या तीस वर्षांचे काय करायचे, हा प्रश्न अभ्यासमंडळात जरूर चर्चेला घ्यावा. मोर्चा अयशस्वी झाला असे म्हणणे सोपे आहे, पण तो काढणाऱ्या, १९५४ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण आफ्रिकी स्त्री महासंघाने वंशभेदाच्या राजवटीत चार वेगवेगळ्या वर्णगटांतल्या स्त्रियांना एका व्यासपीठावर आणले, हे फळ कायद्याच्या तारखेने मोजता येत नाही.

कायदा झाला म्हणजे काम संपले, असेही समजू नये. आफ्रिकी देशांच्या संघटनेने, म्हणजे आफ्रिकी संघाने, ११ जुलै २००३ रोजी मोझांबिकमधील मापुटो येथे स्त्रियांच्या हक्कांचा विशेष करार स्वीकारला आणि १५ देशांच्या मान्यतेनंतर तो नोव्हेंबर २००५ मध्ये अमलात आला. एखाद्या देशाविषयी वाचताना त्याने हा करार मान्य केला का, कोणती कलमे वगळली आणि देशातला कायदा बदलला का, हे तीनही प्रश्न वेगळे ठेवावेत. गांबियाने २०१५ मध्ये मुलींच्या जननेंद्रिय छेदनावर बंदी घातली. २०२३ मध्ये त्याखाली शिक्षा झाल्यावर बंदीच उठवण्याचे विधेयक आले आणि जुलै २०२४ मध्ये संसदेने ते फेटाळले. छेदन करणाऱ्याही स्त्रियाच, छेदनाच्या वेदना जाहीरपणे सांगून कायदा वाचवणाऱ्याही स्त्रियाच. तेव्हा ‘स्त्रियांचा आवाज’ एकच असतो हे गृहीतक इथे गळून पडते, आणि ते पडू द्यावे.

साधने आणि मतभेद

इंग्रजी वाचता येत असेल तर २००२ मध्ये केपटाऊन विद्यापीठात सुरू झालेल्या ‘फेमिनिस्ट आफ्रिका’ या नियतकालिकापासून सुरुवात करावी. त्यात आफ्रिकी विदुषी एकमेकींशी वाद घालताना दिसतात. इजिप्त, अल्जीरिया, सेनेगल येथील लेखन अरबी किंवा फ्रेंचमधून आलेले असते, त्यामुळे अनुवाद कोणी, कोणत्या वर्षी आणि कोणत्या वाचकासाठी केला हे पाहून घ्यावे. नायजेरियाच्या मोलारा ओगुंदिपे यांनी सामाजिक परिवर्तनात स्त्रियांच्या सहभागावर भर देणारी मांडणी केली, तर ओयेरोंके ओयेवुमी यांनी वसाहतपूर्व योरुबा समाजात लिंगभेद हा समाजरचनेचा पायाच नव्हता असे प्रतिपादन केले आणि त्यावर इतर आफ्रिकी विदुषींनीच कडाडून आक्षेप घेतले. दोन्ही बाजू वाचाव्यात. महाराष्ट्रातील चळवळींशी तुलना करायची असेल तर ती अगदी शेवटी करावी, कारण आधी केली की अबेओकुटाच्या बाजारात आपल्याला फक्त आपलाच बाजार दिसू लागतो.

चालू घटनेवर हात बसवावा

जुन्या प्रसंगांवर हे प्रश्न विचारून झाले की, एखादा ताजा प्रसंग घ्यावा. केनियातील स्त्रीहत्यांविरुद्धचे आंदोलन त्यासाठी योग्य आहे. २७ जानेवारी २०२४ रोजी नैरोबीसह अनेक शहरांत हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी १० डिसेंबरला अशाच मोर्चावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. पुढच्या महिन्यात सरकारने या प्रश्नावर कार्यगट नेमला. नैरोबीला याची जुनी स्मृती आहे: १९९२ मध्ये उहुरू पार्कमध्ये राजकीय कैद्यांच्या आया उपोषणाला बसल्या होत्या, पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई त्यांच्यासोबत होत्या, पोलिसांच्या हल्ल्यात माथाई बेशुद्ध पडल्या, आणि त्या आया नंतर एका चर्चच्या आश्रयाने मुले सुटेपर्यंत टिकून राहिल्या.

२०२४ च्या आंदोलनाविषयी एका पानाचे टिपण तयार करताना पुढील क्रम ठेवावा. प्रथम मागणी एका वाक्यात लिहावी, आणि ती आंदोलकांच्या निवेदनातून घ्यावी, बातमीच्या मथळ्यातून नव्हे. मग कोणत्या संस्था, कोणते तरुण गट, कोणत्या वकील स्त्रिया एकत्र आल्या आणि खर्च कोणी उचलला, हे शोधावे. मारल्या गेलेल्या स्त्रियांची नावे आंदोलकांनी कशी घेतली आणि वृत्तपत्रांनी कशी छापली, यांतला फरक नोंदवावा. शेवटी कार्यगटात कोण आहे, त्याला कोणती मुदत दिली होती आणि अहवालानंतर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवण्याच्या पद्धतीत काय बदलले, या रकान्यांसाठी जागा सोडावी आणि दर सहा महिन्यांनी तिथे परत येऊन त्या भराव्यात.