स्क्रीनशॉट टाकताय? या चुका टाळा

दसरा झाला की माझ्याकडे घरगुती फराळवाल्यांच्या पोस्ट बनवायची गर्दी उसळते. दरवर्षी सगळ्यांना तेच सांगते, तरी ऐकतं कोण? ग्राहकानं "मस्त झालंय" लिहिलं की पाचव्या मिनिटाला त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला चढलेला असतो.

न विचारता टाकणं. माझ्याकडच्या एका काकूंना एका सुनेचा मेसेज आला: "अनारसे काय जाळीदार झालेत! सासूबाईंना सांगितलं मीच केले." सोबत ताटाचा फोटो. काकू हरखल्या. म्हटलं नाव-नंबर दिसायला नको, म्हणून वरची पट्टी मीच कापून दिली. त्या ताटाखाली क्रोशाचा रुमाल होता, तो कुणाच्या लक्षात येतोय? सासूबाईंच्या आला. त्यांनीच विणला होता! सासूबाई काकूंकडून दरवर्षी भाजणी न्यायच्या, म्हणजे काकूंचं स्टेटस त्यांनाही दिसायचंच. संध्याकाळपर्यंत सुनेचा फोन आला. पुढच्या दिवाळीला त्या घरातून अनारशांची ऑर्डरही गेली आणि भाजणीचीही.

तेव्हापासून मी आधी विचारायला लावते: "तुमचा हा मेसेज नाव न देता स्टेटस आणि इन्स्टाला टाकू का? काही काढायचंय का?" नुसता अंगठा आला तर मी तो धरत नाही, "हो" लिहून मागते. काही जणींना हा फाजीलपणा वाटतो. वाटू दे. तो "हो" मी मूळ मेसेजसोबत जपून ठेवते.

हायलायटरनं नंबर झाकणं. फोनमधला हायलायटर पारदर्शक असतो. चार वेळा फिरवला की काळं दिसतं, पण फोटोचा उजेड वाढवला की खालचे आकडे पुन्हा वर येतात. मी एका ताईंना त्यांच्यासमोरच वाढवून दाखवलं, तेव्हा कुठे पटलं. त्यावर सरळ भरीव काळा चौकोन ठेवा. मी तर झाकून झाल्यावर त्या चित्राचाच पुन्हा स्क्रीनशॉट घेते आणि तोच पाठवते. अति वाटेल, पण २०२३ मध्ये गूगल पिक्सेल फोनमधला असा दोष उघड झाला होता, की त्याच फोनवर कापलेल्या स्क्रीनशॉटमधून कापून टाकलेला भाग परत काढता येत होता.

खोटे स्क्रीनशॉट. हल्ली अ‍ॅपवर बनवून मिळतात, आणि नव्यानं धंद्यात उतरलेल्यांना पहिल्याच आठवड्यात पन्नास कौतुकं हवी असतात. परवा एकीनं आणलेल्या चित्रात ग्राहकाच्या, डावीकडच्या मेसेजवर निळ्या टिका होत्या. बाई गं, टिका आपण पाठवलेल्या मेसेजवर दिसतात, आपल्याला आलेल्यावर नाही! ग्राहक रोज व्हॉट्सअ‍ॅप वापरतो, त्याला हे कळतं. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. दोनच खरे मेसेज असतील तर दोनच टाका.

बाकीच्या बारीकसारीक:

वरच्या पट्टीत बॅटरी ३ टक्के आणि "ईएमआय थकला" असा मेसेज. कापा.

एका चौकोनात नऊ स्क्रीनशॉट. कुणीही वाचत नाही. एक घ्या, त्यातल्या दोन ओळी मोठ्या दिसू द्या.

स्टेटसवरून उतरवून, फॉरवर्ड करून धुरकट झालेलं चित्र. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ग्राहकाची भाषा सुधारणं. "लय भारी चकल्या ताई" याचं "चकल्या अत्यंत उत्कृष्ट होत्या" केलंत की त्यातली चव गेलीच.

आणि एक, ज्यावर दरवर्षी माझं भांडण होतं: "तुमच्या नाचणीच्या लाडवांनी माझी शुगर गेली." ग्राहकानं मनापासून लिहिलेलं असेल, पण तुम्ही टाकलंत की ती तुमची जाहिरात होते. खाद्यपदार्थानं रोग बरा होतो असा दावा जाहिरातीत चालत नाही, एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे नियम आहेत. "पण मी कुठे म्हणतेय, त्याच म्हणतायत ना," असं मला यंदाही तिघींनी ऐकवलं. तिघींनाही सांगितलं, त्याच बाईंनी "लाडू टाळूला चिकटत नाहीत" असंही लिहिलंय, ते टाका.