कोड २०११चा, कंपायलर आत्ताचा: लिनक्सवर बिल्ड करताना या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात दुपारी दोन वाजता कोणी लॅपटॉप घेऊन दारात उभं राहिलं, तर काम खरंच अडलेलं असतं. त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा असाच आला. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. "काका, कंपायलरच खराब आहे न. सकाळपासून होऊनच नाही राहिलं." त्याला कूलरसमोर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि मग स्क्रीन बघितली.

लिनक्सचं उबुंटू २४.०४, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर जीसीसी १३. बिल्ड करायचं होतं सरांनी दिलेलं एक जुनं सी सिम्युलेटर, फाइलींवर तारखा २०११च्या. टर्मिनलची शेवटची ओळ होती 'एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस', आणि पठ्ठ्या सकाळपासून तीच ओळ सर्च करत होता. या ओळीतून एवढंच कळतं की लिंकर, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा प्रोग्रॅम, नापास झाला. का झाला, ते वर लिहिलेलं असतं. वर सरकत गेलो तर 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ'ची रांगच लागलेली, आणि प्रत्येक ओळीत हेडरमधलं, म्हणजे अनेक फाइलींनी आत घ्यायच्या 'डॉट एच' फाइलीतलं, तेच एक व्हेरिएबल.

हा जुन्या सवयीचा मामला. हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबल 'एक्स्टर्न' (खरी व्याख्या दुसरीकडे आहे, असं सांगणारा शब्द) न लावता लिहिलं आणि तीन फाइलींनी ते हेडर घेतलं, की व्हेरिएबल तीनदा तयार होतं. पूर्वी लिंकर हे तिन्ही गुपचूप एकत्र करायचा. २०२० साली आलेल्या जीसीसी १०मध्ये असं एकत्र करणं बंद करणारा 'एफ-नो-कॉमन' फ्लॅग डीफॉल्ट झाला आणि ते लाड संपले. कोड आपला असेल तर हेडरमध्ये एक्स्टर्न लावा आणि खरी व्याख्या एकाच सी फाइलीत ठेवा. दुसऱ्याचा असेल तर सीफ्लॅग्जमध्ये, म्हणजे कंपायलरला द्यायच्या सूचनांत, 'एफ-कॉमन' द्या. मात्र बिल्ड चालवणाऱ्या 'मेक'च्या आदेशातच सीफ्लॅग्ज दिले, तर मेकफाइलमधले मूळ फ्लॅग्ज बाजूला पडतात, म्हणून तेही सोबत लिहा. पोराने 'मेक क्लीन'ने आधी बनलेल्या फाइली पुसून पुन्हा चालवलं. चहाला उकळी येईपर्यंत बायनरी, म्हणजे चालवता येणारा प्रोग्रॅम, तयार.

एवढ्या वर्षांत खराब कंपायलर मला क्वचितच भेटला. बहुतेक वेळा कोडचं वय आणि कंपायलरचं वय जुळत नाही. म्हणून आधी रीडमी किंवा चेंजलॉगमधलं साल बघा, मग 'जीसीसी डॅश डॅश व्हर्जन' चालवा. जीसीसी १४ २०२४ साली आला, आणि पूर्वी नुसत्या वॉर्निंगवर सुटणाऱ्या गोष्टी त्यात सरळ एरर झाल्या: घोषणा न करता फंक्शन वापरणं, टाइप न लिहिता त्याला इंट समजणं, चुकीच्या जातीचा पॉइंटर देणं. यातला छुपा त्रास कॉन्फिगर स्क्रिप्टचा, म्हणजे बिल्डआधी मशीनवर काय काय आहे ते तपासणाऱ्या स्क्रिप्टचा. तिच्या आतले छोटे चाचणी प्रोग्रॅमसुद्धा जुन्या पद्धतीचे असतात. ते कंपाइल झाले नाहीत, की स्क्रिप्ट निमूट ठरवते की तुमच्या मशीनवर ही सोय नाहीच, आणि पुढे निघते. बिल्ड होतं, पण अर्धवट. अशा वेळी त्या स्क्रिप्टची नोंदवही, कॉन्फिग डॉट लॉग, उघडून बघावी लागते. २०२५च्या जीसीसी १५ने तर सीचं डीफॉल्ट मानक सी२३ केलं. स्वतःचा 'बूल' टाइप बनवणारा जुना कोड तिथे अडखळतो. आधीचं मानक मागणारा 'एसटीडी=जीएनयू१७' फ्लॅग दिला की बहुतेक वेळा काम होतं.

उलटंही घडतं. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सच्या मशीनवर जीसीसी ४.८.५ असतो. त्यावर सी++१७चा कोड बिल्ड करायला बसणं म्हणजे एसटीच्या पासावर विमानात चढण्यातला प्रकार. त्या सिस्टिमचा सपोर्टही जून २०२४मध्ये संपला. तिथे फ्लॅग्जशी झटापट करू नका, नव्या डिस्ट्रोचा (लिनक्सच्या नव्या आवृत्तीचा) कंटेनर, म्हणजे त्याच मशीनवरचा वेगळा कप्पा, घ्या.

दुसरा कंपायलर हवाच असेल, तर सिस्टिमचा जीसीसी बदलू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. जुना जीसीसी मुख्य करून ठेवला आणि विसरलो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झालं, वायफायचं मॉड्यूल बिल्ड होईना, कारण नव्या जीसीसीने बनलेल्या कर्नलचे फ्लॅग्ज जुन्याला ओळखूच येईनात. एक अख्खा रविवार मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढला. आता जीसीसी-१२ शेजारी बसवतो आणि कॉन्फिगर चालवताना तेवढ्यापुरतं 'सीसी'मध्ये (सीचा कंपायलर) जीसीसी-१२ आणि 'सीएक्सएक्स'मध्ये (सी++चा कंपायलर) जी++-१२ देतो. दोन्ही द्यायचे, नाहीतर सी एका पिढीचा आणि सी++ दुसऱ्या. कॉन्फिगरऐवजी सीमेक हे साधन असेल तर बिल्ड फोल्डर उडवून नव्याने सुरू करा. पहिल्यांदा सापडलेला कंपायलर तो कॅशमध्ये धरून ठेवतो आणि नंतर काही ऐकत नाही.

'सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स' दिसलं की लोक जीसीसी काढून पुन्हा टाकतात. बहुधा सी लायब्ररीच्या डेव्हलपमेंट फाइली नसतात, नाहीतर फ्लॅगमध्ये टायपो असतो. उबुंटू-डेबियनवर बिल्ड-इसेन्शियल टाका, आणि तरी अडलं तर पुन्हा तोच कॉन्फिग डॉट लॉग. 'अमुक डॉट एच नाही' असं आलं, तर त्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज हवं; फेडोरात त्याला डेव्हल म्हणतात.

राहिलं मेकचं 'जे', म्हणजे एकाच वेळी किती कामं चालवायची ते सांगणारा पर्याय. त्याच्यापुढे आकडा लिहिला नाही तर मेक एकाच वेळी जमतील तेवढ्या फाइली कंपाइल करायला घेतो. सी++च्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये रॅम भरते, कर्नल कंपायलरला मारतो आणि पडद्यावर येतं 'किल्ड'. पोरं त्यालाही कंपायलरचा बग समजतात. आठ जीबीच्या लॅपटॉपवर मी दोन किंवा तीन देतो. मे महिन्यात तर दोनच, आणि लॅपटॉप कूलरच्या झोतात नाही, बाजूला. पाण्याचे तुषार कीबोर्डवर उडतात.