सायकल स्वतः जोडायची की नाही? आधी जुनी खोलून बघा

नवी मुंबईत, ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून मी एकदा डावं पेडल उजव्या क्रँकमध्ये, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या दांडीत, पिळलं. जात नव्हतं, म्हणून पाना आणखी जोरात ओढला. थोड्या वेळाने क्रँकच्या भोकातून ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस बाहेर यायला लागला. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात आणि दोन्ही पेडलांवर 'एल' आणि 'आर' कोरलेलं असतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. उजवा क्रँक दातेरी चकत्यांसकट घ्यावा लागतो, त्यामुळे भुर्दंडही दणदणीत बसला.

तरीही सायकल स्वतः जोडावी का, असं कुणी विचारलं की मी हो म्हणतो. फक्त नवख्याने पहिलीच सायकल सुट्या भागांतून उभी करू नये. ठरवायचं कसं, ते सांगतो.

आधी 'जोडणं' म्हणजे काय ते ठरवा. खोक्यातून येणारी सायकल बरीचशी जोडलेलीच असते. पुढचं चाक, हँडल, सीट आणि पेडल बसवायची, ब्रेक आणि गिअर जुळवायचे, एवढंच काम उरतं. ॲलन कीचा संच, पेडलसाठी १५ मिमीचा पाना, थोडं ग्रीस आणि एक निवांत दुपार पुरते. फ्रेम एकीकडून, चाकं दुसरीकडून, गिअर तिसरीकडून आणणं हा वेगळाच उद्योग.

पैसे वाचवायला निघाला असाल तर थांबा. कंपनी भाग घाऊक भावाने घेते, आपण एकेक घेतो. बेरीज बहुतेक वेळा तयार सायकलच्या वरच जाते, आणि त्यात हत्यारं धरलेलीच नसतात. चांगली फ्रेम घरात पडून असेल तर गोष्ट वेगळी.

कुठे चालवणार? स्वतः जोडण्याचं खरं कारण इथे सापडतं. वाशी ते बेलापूर पाम बीच रोड जवळजवळ सपाट. तिथे पुढे एकच चकती आणि मागे मोजके गिअर पुरतात. ठाण्यात उपवनकडून येऊरचा चढ घेणार असाल तर हिशेब बदलतो. पुढे ४२ दाते आणि मागे २८ असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक दीड वेळा फिरतं. ७०० सीच्या, म्हणजे रोड सायकलच्या नेहमीच्या मापाच्या, चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सायकल ३.१५ मीटरच्या आसपास पुढे जाते. पुढे-मागे दोन्हीकडे ३४ दाते असतील तर २.१ मीटर. चढावर गुडघ्यांना हा फरक पहिल्याच वळणावर कळतो. तुम्हाला हवी ती जोडी तयार सायकलमध्ये मिळत असेल, तर जोडायचा खटाटोप कशाला?

आता सगळी सायकल कागदावर जोडा. नवखा इथेच फसतो, कारण दोन भाग दिसायला सारखे असले तरी एकमेकांत बसतीलच असं नाही. टायरवर नुसतं '२६' बघून घेऊ नका. ५५९ आणि ५९० मिमी, दोन्ही व्यासांच्या रिमना बाजारात २६ इंचीच म्हणतात. टायरच्या बाजूला छापलेला तीन आकडी व्यास वाचा. ७०० सीसाठी तो ६२२ असतो. मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी फ्रेमशी जुळायला हवी: जुन्या पद्धतीच्या रोड सायकलींत बहुधा १३०, माउंटन बाइकमध्ये १३५ मिमी. २७.२ मिमीच्या नळीत २७ ची सीटपोस्ट (सीटची दांडी) आरामात जाते, आणि मग सीट आपल्यासकट हळूहळू खाली सरकत राहते. चेन आणि मागचा कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, एकाच गिअरसंख्येचे घ्या. ही यादी करताना तिसऱ्या ओळीलाच कंटाळा आला, तर उत्तर मिळालं असं समजा.

हत्यारांचं थोडक्यात: चेन कटर, क्रँक ओढून काढणारा क्रँक पुलर, कॅसेटचा पाना, आणि क्रँक ज्यावर फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटचा पाना. शेवटचे दोन्ही पाने वर्षातून एखाद्या वेळीच लागतात. तेवढं काम ओळखीच्या मिस्त्रीकडून करून घेण्यात काही कमीपणा नाही. आरे भरून चाक बांधणंही त्याच्याकडेच सोपवा. वन बीएचकेत राहत असाल तर जागेचा विचारही आत्ताच करा, कारण अर्धवट सायकल गॅलरीत पावसाळाभर पडली की खाडीच्या दमट हवेत आधी बोल्ट गंजतात, मग घरचे बोलायला लागतात.

शेवटची परीक्षा जुन्या सायकलवर द्या. भंगारात जाणारी चालेल. तिचं मागचं चाक काढा आणि हब खोला. खाली परात ठेवा, नाहीतर छर्रे पार्क केलेल्या गाड्यांखाली जातात. बऱ्याच हबमध्ये एका बाजूला ९ निघतात. दोन्ही बाजूंचे वेगळे ठेवा. काळं पडलेलं ग्रीस रॉकेलने धुवा, नवं भरा, छर्रे परत बसवा आणि कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा निमुळता नट, आवळा. जास्त आवळला तर एक्सल बोटांत खरखरतो, ढिला ठेवला तर चाक डुलतं. मधली जागा पाव फेऱ्याहूनही कमी असते. शिवाय वरचा नट घट्ट करताना कोन पुन्हा हलतोच.

ती जागा शोधण्यात चहा गार झाला आणि तुमच्या लक्षातही आलं नाही, तर फ्रेम शोधायला लागा. चौथ्या खेपेला पाना आपटावासा वाटला, तर खोक्यातली सायकल घ्या आणि पेडल लावताना 'एल', 'आर' वाचा.