रोटेटर कफच्या शस्त्रक्रियेनंतर या चुका टाळा

रोटेटर कफ, म्हणजे खांद्याच्या स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा (दोरीसारखे पट्टे), शिवून घेतलेल्या माणसाचा हात पहिल्या पंधरवड्यात सहसा बिघडत नाही, कारण तेव्हा दुखणेच त्याला जपत असते. मी फिजिओथेरपिस्ट आहे; माझ्याकडे बिघडून येणारे खांदे बहुतेक सहाव्या ते दहाव्या आठवड्यातले असतात. स्लिंग (हात गळ्यात अडकवायची झोळी) सुटलेली असते, वेदना उतरलेली असते आणि हात पुन्हा आपला झाल्यासारखा वाटत असतो.

दुखत नाही म्हणजे सांधले, हा समज सर्वांत महाग पडतो. शस्त्रक्रियेत तुटलेली कंडरा धाग्यांनी हाडाशी आवळून ठेवलेली असते. ती हाडाला धरून थोडा भार घेण्याजोगी व्हायला साधारण 12 आठवडे आणि पूर्ण ताकद यायला 6 ते 12 महिने लागतात. वेदना त्याच्या कितीतरी आधी जाते. चोपडा तालुक्यातील एक केळी उत्पादक सातव्या आठवड्यात मला म्हणाले होते, ''ताई, आते काहीच दुखस नही.'' त्याच आठवड्यात कापणीला एक मजूर कमी पडला, आणि वीस-पंचवीस किलोच्या घडाला त्यांनी, त्यांच्याच शब्दांत, ''नुसता आधार दिला.'' खांद्यात कट् असा आवाज झाला. रात्री फारसे दुखले नाही, म्हणून बारा दिवस त्यांनी कोणाला सांगितलेही नाही. दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. यात माझीही चूक होती. मी त्यांना ''जड उचलू नका'' एवढेच सांगितले होते, आणि ज्याचा जन्म घड वाहण्यात गेला त्याचे जड पोत्यापासून सुरू होते. तेव्हापासून मी वस्तूंची नावे घेऊन सांगते : चहाचा कप चालेल, भरलेली कळशी चालणार नाही. बारावा आठवडा कोणत्या तारखेला पुरा होतो, ते स्लिंगच्या पट्ट्यावर पेनाने लिहून देते, आणि हे सांगताना घरातील एक माणूस समोर बसवते.

दुसरी चूक हौशी लोकांची. हात वर गेल्याचे ते आनंदाने दाखवतात, पण खांदा कानाला टेकलेला असतो. म्हणजे कफचे काम मानेचे स्नायू करत असतात आणि ती सवय नंतर सुटता सुटत नाही. व्यायाम आरशासमोर करावा, दुसरा हात खांद्यावर ठेवावा, आणि खांदा उचकला की तिथेच थांबावे. खांदा उचकून पन्नास वेळा करण्यापेक्षा दहा वेळा नीट केलेले मला पुरते. घाईच्या माणसाला हे पटत नाही, त्याला आकडा हवा असतो.

लोलकाचा व्यायाम करताना हात जोर लावून फिरवू नये; कमरेत वाकून शरीर हलवावे, हात आपोआप झुलतो. मालिश नको, ओळखीच्या माणसाकडून तर नकोच. विडी-तंबाखू आणि वाढलेली साखर सांधण्याच्या आड येतात. मोबाईलवरील व्हिडिओ दुसऱ्याच्या खांद्यासाठी असतो. कंडरा किती फाटली होती यावर वेळापत्रक ठरते, आणि ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. हात बांधलेला आहे म्हणून बोटे आणि मनगटही निजवून ठेवणारे पुढे सुजलेला पंजा घेऊन येतात. भरिताची वांगी लाकडी बडगीत कुटणे या हाताने इतक्यात नाही. चंपाषष्ठी दरवर्षी येते.

उन्हाळ्याचे मात्र मला समजते. जळगावात पारा 44-45 अंशांवर गेला की काखेत घामोळे येते आणि स्लिंग फेकून द्यावीशी वाटते. कमरेत वाकून हात सैल सोडावा, काख ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी, सुती कापडाची घडी ठेवावी आणि स्लिंग पुन्हा बांधावी, रात्रीसुद्धा. पाठीला उशा लावून अर्धवट बसते झोपल्यास पहिले काही आठवडे सुसह्य होतात.

खांद्यात आवाज होऊन हात अचानक उचलेनासा झाला, ताप आला किंवा टाक्यांतून पाणी येऊ लागले, तर शेक आणि लेप करत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.